रडू नेमकं कुठे येतं?

चार मित्र जमले, चहाचे कप रिकामे झाले आणि कुणीतरी सहज विचारलं, "सगळ्यात जास्त रडवणारा सिनेमा कोणता रे?" की पुढचा तासभर कुठे जातो ते कळत नाही. पहिला म्हणतो, 'श्वास'. दुसरी लगेच म्हणते, "एकदा पाहिला तेवढा पुरे. परत माझ्याच्याने होणार नाही." तिसऱ्याने अलीकडेच लॅपटॉपवर एक जपानी ॲनिमेशनपट पाहिलेला असतो, तो नाव सांगतो आणि वर बजावतो, की कार्टून आहे असं समजून पोरांना शेजारी घेऊन बसू नका. एखाद्याच्या घरी 'श्यामची आई'चा विषय काढायची चोरी असते, कारण वडील दरवेळी त्याच प्रसंगाला उठून आतल्या खोलीत जातात. आणि या सगळ्यांत एक जण असा असतोच, जो इतका वेळ खारे दाणे खात गप्प बसलेला असतो. तो म्हणतो, "पुस्तक वाचलंय का कुणी? पुस्तकापुढे सिनेमा काहीच नाही."

तिथे गप्पा संपतात, नाहीतर भांडण सुरू होतं.

"पुस्तकच भारी" हा निकाल आपल्याकडे फार लवकर दिला जातो. त्यात आपण वाचणारे आहोत हे मिरवण्याचाही थोडा भाग असतो. शिवाय चौदाव्या वर्षी वाचलेलं पुस्तक आणि चाळिशीत पाहिलेला सिनेमा समोरासमोर ठेवले, की माणूस बहुतेक वेळा आपल्याच चौदाव्या वर्षाची बाजू घेतो. यापेक्षा कामाचा प्रश्न वेगळा आहे. पुस्तक वाचताना डोळे कुठे भरून आले, आणि सिनेमा पाहताना कुठे? जागा एकच होती का? विचारून पाहा. ती क्वचितच एक असते. आणि ती का सरकली याचा माग काढत गेलं, की दिग्दर्शकाने ते पुस्तक कसं वाचलं होतं हे हळूहळू कळायला लागतं.

पुढच्या लेखांत हाच प्रश्न धरून एकेक पुस्तक आणि त्यावरचा एकेक सिनेमा शेजारी शेजारी ठेवले आहेत. कोण श्रेष्ठ याचा फैसला त्यांत नाही. तो ज्याला हवा असेल त्याने खुशाल कट्ट्यावर करावा.

सुरुवात 'श्यामची आई'पासून करायची ती नुसता रिवाज म्हणून नाही. हे पुस्तक मुळात मित्रांमधल्या गप्पांचंच आहे. आश्रमातलं दिवसभराचं काम आटोपलं, की गोविंदा, राम, भिवा असे सोबती श्यामभोवती बसतात आणि तो आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. म्हणूनच प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत, आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. साने गुरुजींनी यातला बहुतेक मजकूर फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. पुस्तक १९३५ मध्ये आलं. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती. ती गेली नोव्हेंबर १९१७ मध्ये, कोकणातल्या पालगडला, आणि मुलगा त्या वेळी शिकायला दूर होता. शेवटची भेट झाली नाही.

हे न भेटणं पुस्तकभर पसरलेलं आहे. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून हटून बसणारा श्याम सगळ्यांना आठवतो. आई नेसत्या लुगड्याचा भाग धोंड्यावर पसरते, पोरगं त्यावर पाय टेकतं आणि ऐटीत घरात जातं. मग ती त्याला पायांइतकंच मनालाही जप म्हणून सांगते. शाळेत हा धडा संस्काराचा म्हणून शिकवला जातो आणि बोध तेवढा फळ्यावर लिहिला जातो. पण मोठेपणी पुन्हा वाचणाऱ्याचा घसा दाटतो तो बोधामुळे नाही. हे सांगणारा माणूस आता तिशीत आहे, तुरुंगात आहे, आणि आपण तेव्हा काय मागितलं, तिने ते किती सहज दिलं, याचा हिशेब त्याला आत्ता लागतो आहे. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते, तिथेही तेच. मार खाणाऱ्या पोराची बाजू आणि मारणाऱ्या आईची बाजू, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतात, आणि दुसरी बाजू त्याला समजेपर्यंत आई राहिलेली नाही.

म्हणजे या पुस्तकात रडवतो तो पश्चात्ताप. दुःख त्याच्या मागून येतं.

आता सिनेमा. १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणली ती आचार्य अत्र्यांनी. मराठीतल्या सर्वांत रडवणाऱ्या सिनेमाचा कर्ता 'झेंडूची फुले' लिहिणारा विडंबनकार आणि 'साष्टांग नमस्कार'चा नाटककार असावा, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. सभागृह हसवायचं कसं हे ज्याला नेमकं ठाऊक असतं, त्याला ते रडवायचं कधी हेही ठाऊक असतं. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले त्याच पहिल्या वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या सिनेमाने मिळवलं. ते पाहायला गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजीच ते गेले होते.

अत्र्यांपुढची अडचण अशी, की पुस्तकातली आई ही आठवण आहे. तिच्या प्रत्येक वाक्याला 'ती आता नाही' याचं अस्तर आहे. पडद्यावर मात्र वनमाला समोर उभ्या आहेत, चालतात, बोलतात, रागावतात, झिजतात. प्रेक्षक त्यांच्यासाठी रडतो: या बाईचं इतकं वाईट का व्हावं म्हणून. श्यामच्या बाबतीत तो उदार असतो, कारण समोर एक गोड, हट्टी पोरगा आहे आणि पोरं तशीच असतात. वाचक श्यामबरोबर खजील होतो. प्रेक्षक आईबरोबर हळहळतो. दोन्ही रडणी खरी आहेत, पण ती एक नाहीत. कॅमेऱ्याला समोरचं माणूस दाखवता येतं, मात्र सांगणाऱ्याच्या मनातली 'मी तेव्हा असा का वागलो' ही टोचणी दाखवायला त्याला काहीतरी वेगळी युक्ती करावी लागते. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये हीच गोष्ट पुन्हा केली, तीही कृष्णधवल रंगांत, आणि ओम भूतकर यांच्या रूपाने खुद्द साने गुरुजींना पडद्यावर आणलं. सांगणारा माणूस दिसल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

टोचणीचं हेच प्रकरण जगाच्या दुसऱ्या टोकाला याहून कठोर रूपात घडलेलं आहे. कट्ट्यावरच्या त्या तिसऱ्याने पाहिलेला जपानी सिनेमा म्हणजे 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. इसाओ ताकाहाता यांनी तो १९८८ मध्ये स्टुडिओ जिब्लीसाठी केला. दुसऱ्या महायुद्धाचे अखेरचे महिने, कोबे शहरावरचा बॉम्बवर्षाव, आई भाजून मरते, आणि चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला घेऊन एका पडक्या खंदकात राहायला जातो. खायला मिळत नाही. फळांच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा तेवढा शेवटपर्यंत बरोबर असतो. गोळ्या संपल्यावर सेइता त्यात पाणी घालून हलवतो आणि उरलीसुरली चव बहिणीला पाजतो. हा प्रसंग पाहिलेला माणूस पुढे कितीतरी दिवस गोळ्यांचा डबा उघडताना बिचकतो, असं मित्रमंडळींत सांगितलं जातं. त्यात अतिशयोक्ती असेलही, पण फार नसावी.

ज्या कथेवर हा सिनेमा आहे ती अकियुकी नोसाका यांनी १९६७ मध्ये लिहिली. तिला नाओकी पुरस्कार मिळाला. नोसाका स्वतः त्या बॉम्बवर्षावातून वाचलेले. त्यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीने गेली. ती चार वर्षांची नव्हती, जेमतेम दीड वर्षाचीही नव्हती. आणि भाऊ सेइतासारखा नव्हता. नोसाकांनी पुढे उघडपणे सांगितलं आहे, की भुकेच्या त्या दिवसांत बहिणीच्या वाट्याचं अन्नही त्यांनी खाल्लं होतं. कथेत त्यांनी आपण जसा असायला हवा होता तसा भाऊ लिहिला, आणि बहिणीच्या मागोमाग त्यालाही मारून टाकलं. ही कथा म्हणजे मृत बहिणीपुढे मागितलेली माफी आहे.

हे ठाऊक नसलेला प्रेक्षक सिनेमा पाहून सेत्सुकोसाठी रडतो. हे ठाऊक झालेला वाचक सेइताच्या प्रत्येक चांगल्या वागण्याशी अडखळतो, कारण ते घडलंच नव्हतं. ताकाहाता यांनाही विषय परका नव्हता. जून १९४५ मध्ये ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि जीव वाचवून पळाले होते. तरी त्यांनी नोसाकांची माफी तशीच्या तशी उचलली नाही. त्यांनी सेइताला दोषातून सोडवलंही नाही. नातेवाईक बाईचं घर सोडून जाण्याचा त्याचा ताठा, कामाला न जुंपणं, हे सगळं सिनेमा शांतपणे दाखवतो. पहिल्याच प्रसंगात सेइताचा मृत्यू आहे. पुढचं सगळं त्याचा आत्मा पाहतो आहे. पश्चात्ताप दाखवण्याची हीच ती युक्ती. मेलेल्या मुलाला आपलं आयुष्य पुन्हा पाहायला बसवायचं आणि त्यात काही बदलू द्यायचं नाही. चित्रं हाताने काढलेली असल्यामुळे हे सहज जमून गेलं, असं म्हणणारे म्हणोत. जिवंत नटांना घेऊन केलेल्या सिनेमांनाही हे क्वचितच साधलं आहे.

आत्मकथनाचं असं असतं, तर निव्वळ कथेचं काय? इथे 'श्वास'कडे यावं लागतं.

'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळालं त्यानंतर मराठी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मिळायला पन्नास वर्षं जावी लागली. तो मिळाला संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला, २००४ मध्ये. आणि योगायोग असा, की तोही छापील मजकुरातूनच आलेला: माधवी घारपुरे यांची कथा. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतात. पोराला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. आणि डॉक्टरांचं म्हणणं, की शस्त्रक्रियेआधी पोराला हे सांगायला हवं. कुणी सांगायचं? कसं?

अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम ज्यांनी पाहिला, त्यांतल्या बहुतेकांचा बांध ऑपरेशनपाशी फुटत नाही. तो आधीच फुटतो. शस्त्रक्रिया लांबते, आणि आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून कुणालाही न सांगता नाहीसे होतात. इकडे डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका यांची धावपळ. आणि तिकडे दोघं शहर बघत हिंडताहेत. पोराला जेवढं दाखवता येईल तेवढं आजोबा दाखवून घेताहेत. गर्दी, रंग, खेळणी, लोकांची तोंडं. प्रेक्षकालाही मग प्रत्येक चौकटीकडे पोराच्या डोळ्यांनी बघावं लागतं. साधा रस्ता, साधा फुगेवाला, आणि तरी नजर हटवता येत नाही. हे कागदावर होऊ शकत नाही. लिहिणाऱ्याला 'त्याने फुगे पाहिले' एवढं लिहिता येतं. वाचकाचे डोळे पणाला लावता येत नाहीत. 'श्वास'चा विषयच दिसणं हा असल्यामुळे ही गोष्ट सिनेमाचीच होती, कथेने ती काही काळ सांभाळली, असं म्हणायला हरकत नाही. शिवाय इथे कुणाला पश्चात्ताप नाही. आजोबांनी काही चुकीचं केलेलं नाही, नातवाने तर नाहीच. त्यामुळे पडद्यावर येताना काही गळून पडण्याची भीतीही नव्हती.

तो सिनेमा भारतातर्फे ऑस्करला गेला तेव्हा मोहिमेचा खर्च परवडणारा नव्हता, आणि शाळकरी मुलांपासून कलावंतांपर्यंत अनेकांनी पैसे जमवले. सिनेमा पाहून डोळे पुसणारा मराठी माणूस खिशातही हात घालतो, याचा हा दुर्मीळ पुरावा.

एकूणच लघुकथेवरचे सिनेमे कादंबरीवरच्या सिनेमांपेक्षा जास्त जमून येतात, असं या लेखांवरून नजर फिरवताना वाटत राहतं. अमोल पालेकरांचा 'कैरी' जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरचा, महेश मांजरेकरांचा 'काकस्पर्श' उषा दातार यांच्या कथेवरचा. कथेत दिग्दर्शकाला भर घालायला जागा असते. कादंबरीत त्याला कात्री चालवावी लागते, आणि ज्याचं आवडतं पान कापलं गेलं तो कट्ट्यावर येऊन तक्रार करतोच. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची; २०१३ मध्ये संजय जाधव यांचा सिनेमा आला, तुफान चालला, आणि कादंबरी पाठ असलेल्या पिढीत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आमचा कट्टा असा नव्हता. दुसरा तट गाणी गुणगुणत बाहेर पडला.

तरी कात्री चालवूनही कादंबरीचा जीव राखणारा एक सिनेमा आहे, आणि त्याच्याजवळ जरा जास्त वेळ थांबायला हवं.

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'पथेर पांचाली' पुस्तकरूपात १९२९ मध्ये आली. सत्यजित राय तेव्हा आठ वर्षांचे होते. पुढे चित्रकार म्हणून नोकरी करताना त्यांच्याकडे याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढायचं काम आलं. म्हणजे कात्री आधीच चाललेली होती, आणि उरलेल्यातून कोणती चित्रं निघतात हे रायांनी कागदावर काढून पाहिलं होतं. सिनेमा १९५५ मध्ये झाला, पैशाअभावी वर्षानुवर्षं रखडत. विभूतिभूषणही तो पाहू शकले नाहीत. साने गुरुजींच्या मागोमाग, त्याच १९५० सालच्या १ नोव्हेंबरला ते गेले. दोन लेखक, दोन पुस्तकं, एकच वर्ष. आणि दोन्ही सिनेमांना राष्ट्रपतींचं सुवर्णपदक.

लहानग्या अपूची बहीण दुर्गा मरते, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण मित्रांमध्ये विषय निघाला की रडू कुठे आलं याचं उत्तर बहुधा दुर्गाच्या मृत्यूपाशी येत नाही. ते त्याच्या नंतर येतं. बाप हरिहर परगावाहून परततो. घरात काय घडलं ते त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, आणि त्यात दुर्गासाठी आणलेली साडी असते. आई सर्वजया ती साडी तोंडात धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण आक्रोश ऐकू येत नाही. त्या जागी वाजते तारशहनाई, उंच आणि करकरीत. संगीत रविशंकर यांचं. नटीच्या रडण्याचा आवाज काढून तिथे वाद्य ठेवायचा निर्णय रायांचा. माणसाचा आक्रोश ऐकला, की प्रेक्षक त्या बाईला रडताना बघतो. तो काढून घेतला, की ते रडणं पुरं करायची जबाबदारी प्रेक्षकावर येते. पुस्तकात असं करता येत नाही, कारण तिथे आवाज नसतोच.

आणि पश्चात्तापाचं काय? 'पथेर पांचाली'त त्याचीही सोय आहे. दुर्गावर शेजाऱ्यांनी चोरीचा आळ घेतलेला असतो आणि तिने तो नाकारलेला असतो. ती गेल्यावर, घर सोडून जाताना, अपूला ती चोरीची वस्तू सापडते. कादंबरीत ती सोन्याची छोटी डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. सिनेमात ती माळ होते आणि अपू ती डबक्यात फेकतो. शेवाळ दुभंगतं, काळं पाणी क्षणभर दिसतं, आणि शेवाळ पुन्हा हळूहळू मिटून येतं. बहिणीची लाज झाकली गेली. एक अक्षर बोलावं लागलं नाही. बांबूच्या बनात वस्तू पडली तर ती दिसेनाशी होते, एवढंच. डबक्यात पडली तर झाकली जाताना दिसते. रायांनी पुस्तक किती बारकाईने वाचलं होतं आणि ते कुठे सोडायचं हे त्यांना कसं कळलं होतं, हे या एका बदलात सापडतं. 'सिनेमाने पुस्तक बदललं' ही तक्रार करणाऱ्यांनी हा बदल एकदा शांतपणे पाहावा.

बदल याहूनही मोठा असू शकतो. डी सिकांचा 'बायसिकल थीव्ह्ज' १९४८ चा. लुइजी बार्तोलिनींची मूळ इटालियन कादंबरी त्याच्या दोनच वर्षं आधीची. कादंबरीतल्या नायकाकडे दुसरी सायकल आहे आणि तिच्यावर बसून तो चोरीला गेलेली शोधत हिंडतो. सिनेमातल्या बापाकडे तेवढी एकच सायकल आहे. ती गेली की नोकरी गेली. दुसरी सायकल काढून टाकली आणि जगाला रडवणारा सिनेमा उभा राहिला.

एरिक सीगल यांच्या 'लव्ह स्टोरी'चं तर उलटंच झालं. आधी पटकथा लिहिली गेली, मग त्यावरून कादंबरी, आणि १९७० मध्ये आधी पुस्तक दुकानात आलं, वर्षअखेर सिनेमा. ते वाचून रडलेल्यांना 'पुस्तकच भारी' म्हणायची सोयच राहिली नाही. अर्थात डोळ्यांत पाणी आलं म्हणजे कलाकृती मोठी, असं काही नसतं. मरणाऱ्या तरुण बाईच्या उशाशी व्हायोलिन वाजवलं की पाणी येतंच. ते शरीराचं काम आहे, समीक्षेचं नाही.

मराठीत नाव आणि गोष्ट यांची अदलाबदल झाल्याचं एक उदाहरण मात्र मोठं मोलाचं आहे. अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये आला, पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ उतरला नाही, आणि हंसा वाडकर त्यात प्रमुख भूमिकेत होत्या. पुढे त्यांनी आपलं आयुष्य सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं, आणि आत्मकथनाला नाव दिलं गेलं ते त्याच सिनेमाचं. त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला आणि स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमातून पुस्तक, पुस्तकातून पुन्हा सिनेमा. पुस्तकात हंसाबाई स्वतःची कीव करत नाहीत. दारू, घर सोडणं, फसवणूक, सगळं कोरड्या सुरात, जणू शेजारणीची हकीकत सांगावी तसं येतं, आणि वाचणारा त्या कोरडेपणानेच हादरतो. बेनेगलांना हा सूर पडद्यावर आणता आला तो स्मिता पाटलांच्या चेहऱ्यामुळे. तो चेहरा फार कमी ठिकाणी रडतो.

अशोक व्हटकरांच्या '७२ मैल'मध्येही हाच कोरडेपणा आहे. वसतिगृहातून पळालेला मुलगा साताऱ्याहून कोल्हापूरकडे पायी निघतो. वाटेत राधाक्का नावाची बाई आपल्या पोरांना घेऊन त्याच रस्त्याने चाललेली भेटते. वाट सरते तशी तिची पोरं एकेक करून कमी होत जातात. राजीव पाटील यांनी २०१३ मध्ये या आत्मकथनात्मक कादंबरीवर सिनेमा केला, स्मिता तांबे राधाक्का झाल्या. सप्टेंबर संपता संपता राजीव पाटीलही गेले, चाळिशीत. या सिनेमाबद्दल कट्ट्यावर फारसं बोललं जात नाही, आणि जावं असं या प्रस्तावनेचं म्हणणं आहे. पुस्तकातला मुलगा त्या बाईला पुढे कधी विसरू शकला नाही, म्हणून तर पुस्तक लिहिलं गेलं. इथेही सांगणाऱ्याच्या मनातलं देणंच बोलतं आहे.

मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'चं दुःख यामानाने लहान, आणि तरी हटणारं नाही. २००४ ची ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून येते. त्याच्या बोलण्यात शिव्या आहेत, टवाळी आहे, शिरोडकर आडनावाच्या मुलीकडे चोरून पाहणं आहे. ती गाव सोडून जाते तेव्हा तो फार काही म्हणत नाही. त्याला म्हणता येण्याजोगे शब्दच अजून आलेले नाहीत. वाचकाला ते येतात, कारण वाचक मोठा झालेला असतो. सुजय डहाकेंचा २०१२ मधला सिनेमा ही उणीव वर्गातल्या खिडकीच्या उजेडाने आणि केतकी माटेगावकर व अंशुमन जोशी यांच्या ओझरत्या नजरांनी भरतो. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जोश्याचा सूर पडद्यावर निम्माच उरला, असं कादंबरीच्या भक्तांचं मत आहे, आणि ते चुकीचं नाही.

वाचणाऱ्यांसाठी क्रमाबद्दल एक सुचवणी. ज्या सिनेमाचं मूळ लघुकथेत आहे तो आधी पाहावा आणि कथा नंतर वाचावी. 'श्वास' आणि 'कैरी' यांना हा क्रम मानवतो. मूळ आत्मकथन असेल तर मात्र उलट करावं: आधी पुस्तक, मग सिनेमा. सांगणाऱ्याचा आवाज एकदा कानात बसला, की पडद्यावर तो कुठे उरला आणि कुठे हरवला हे आपोआप समजतं. कादंबऱ्यांना नियम नाही. ज्याला 'दुनियादारी' जिवापाड प्रिय आहे त्याला कुठलाही क्रम वाचवू शकत नाही.

पहिला लेख 'श्यामची आई'वर आहे. साने गुरुजींचं लेखन आता कॉपीराइटमधून मुक्त झालं आहे आणि हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, तेव्हा शाळेत वाचलंय या सबबीवर ते टाळू नका. बेचाळीस रात्रींपैकी दहा-बारा तरी पुन्हा वाचा, आणि मगच लेखाकडे या.